भंगारात देण्यापूर्वी एकदा खोलून पाहा

कचेरी सरकारी असो की खासगी, संगणकाचे आयुष्य कागदावर फार लवकर संपते. आयकराच्या हिशेबात संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरता येतो. म्हणजे १०० रुपयांची वस्तू तीन वर्षांनी वहीत २१ रुपये ६० पैशांची उरते. पुढे केव्हातरी जडवस्तू नोंदवहीत तिच्यासमोर ‘निर्लेखित’ असा शेरा पडतो आणि माऊस, कीबोर्ड, प्रिंटर, स्पीकर असा सगळा माल जिन्याखाली धूळ खात पडतो. आम्ही कारकुनी करणारी माणसे. असे शेरे लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली. परंतु वहीतील किंमत शून्य झाली म्हणून प्रिंटरमधली मोटार फिरायची थांबत नाही, हे त्या वहीला कोण सांगणार?

हाच माल पुढे किलोच्या भावाने आपल्या वस्त्यांत येतो. भंगार वेचणे, निवडणे, फोडणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रियाच होत्या. तात्पर्य, संगणकाला शेवटचा हात लागतो तो आपला. मग तो हातोड्याचाच का असावा? फोडण्याआधी तो खोलावा, आपल्या मुला-मुलींना आत काय आहे ते पाहू द्यावे, आणि जे कामाचे आहे ते घरात वापरावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सुरुवात माऊसपासून करावी. तो अवघ्या ५ व्होल्टवर चालतो आणि वायर काढून ठेवली की त्यात वीज उरत नाही. (बिनतारी माऊस असेल तर आधी सेल काढावा.) दहा वर्षांच्या मुलाच्या हाती छोटा स्क्रू ड्रायव्हर द्यायला हरकत नाही. स्क्रू सापडला नाही तर पोटाखालचे स्टिकर सोलून पाहावे, तो बहुधा तिथेच दडलेला असतो. जुन्या बॉल माऊसमधून रबराचे आवरण असलेली पोलादी गोळी निघते. गोळीला दोन रूळ टेकलेले असतात, एक आडव्या चालीसाठी व एक उभ्या चालीसाठी. रुळाच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते. चकतीच्या एका अंगाला डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारा दिवा आणि दुसऱ्या अंगाला तो प्रकाश टिपणारा भाग. चकती फिरली की प्रकाश अडतो, सुटतो, पुन्हा अडतो. ते खंड मोजून पडद्यावरचा बाण हलवला जातो. लाल उजेडाच्या माऊसमध्ये गोळी नसते, एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो आणि आधीच्या चित्राशी ताडून पाहतो!

समाजमंदिरात रविवारी मुले जमतात तेव्हा आम्ही त्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी जो पहिला माऊस तयार केला तो लाकडी ठोकळ्याचा होता, आणि खाली दोन चाके होती. हे ऐकले की मुलांचा धीर वाढतो. सुतारकाम ज्यांच्या घरात आहे ती तर विशेष खूश होतात.

माऊसची वायर फेकू नये. यूएसबीच्या वायरीत सहसा चार तारा असतात. लाल ५ व्होल्टची, काळी परतीची, पांढरी आणि हिरवी निरोप वाहणाऱ्या. स्वस्त मालात रंगांची खात्री नसते, म्हणून मीटर लावून पाहावे. लाल-काळ्या तारेला २२० ओहमचा रोध आणि एक लाल एलईडी डाग देऊन जोडला व टोक मोबाईलच्या चार्जरला लावले की रात्रीचा छोटा दिवा तयार होतो. एलईडी २ व्होल्ट घेतो, उरले ३. तीन भागिले २२० म्हणजे सुमारे १४ मिलिअँपिअर, आणि अशा दिव्याला साधारण २० पर्यंत चालतात. शाळेत ओहमचा नियम पाठ करून मुले गुण मिळवतात. तो नियम हातात धरून पाहण्याची संधी त्यांना अशीच मिळते.

आता कीबोर्ड. आमच्या मते आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू हीच. राज्यात लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागते. आपल्या किती मुली पदवीधर होऊनही या एका अटीपाशी अडतात! घरात संगणक नसतो, मोबाईल मात्र असतो, आणि मोबाईलवर दोन अंगठ्यांनी टाईप करण्याची सवय परीक्षेत कामाला येत नाही. तिथे दहाही बोटे लागतात. अशा घरी यूएसबीचा जुना कीबोर्ड मोबाईलला जोडता येतो. त्यासाठी ‘ओटीजी’ नावाचा छोटा जोड मोबाईलच्या दुकानात मिळतो. बहुतेक अँड्रॉईड फोनना तो चालतो आणि इंग्रजी टायपिंग लगेच सुरू होते. गोल, सहा टाचण्यांचे टोक असलेला जुना कीबोर्ड मात्र असा जोडता येणार नाही. तो निव्वळ बोटे बसवायला वापरावा, किंवा सुट्या बटणांसाठी खोलावा.

चहा सांडून चिकटलेला कीबोर्ड लोक टाकून देतात. तो उलटा करून सगळे स्क्रू काढले की आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पत्रे दिसतात. वरच्या आणि खालच्या पत्र्यावर वीजवाहक शाईच्या रेघा, मधल्या पत्र्याला भोके. बटण दाबले की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. चहाची साखर बसते ती नेमकी इथे. तेव्हा वायर काढलेली असताना ओलसर फडक्याने पत्रे हलके पुसावेत, घासू नयेत, शाई निघते. बटणे साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण दिवस सुकवावीत. आमच्या हातून असे अनेक कीबोर्ड पुन्हा चालू झाले आहेत. बटणांवर कागदाच्या चिकटपट्ट्या लावून मराठी अक्षरेही लिहिता येतात. इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, अशी सोपी योजना आहे. परीक्षेला कोणती मांडणी आहे ते मात्र क्लासमध्ये आधी विचारून घ्यावे.

आणि हो, त्याच ओटीजी जोडाने माऊसही मोबाईलला लागतो. मोबाईल पडून त्याचा पडदा दिसतो पण बोटाला दाद देत नाही, असे घरोघर घडते. माऊस जोडला की बाण येतो आणि आतले नंबर, कागदपत्रांचे फोटो बाहेर काढता येतात. दुरुस्तीला पैसे टाकण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

टरटर आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मिळाला तर तो सोडू नये. कागद पुढे सरकवण्यासाठी आणि छापण्याचा भाग इकडून तिकडे नेण्यासाठी त्यात स्टेपर मोटारी असतात. तिच्या दोन तारांना एलईडी जोडून आस बोटांनी गरकन फिरवला की दिवा लुकलुकतो. पेटला नाही तर तारांची जोडी बदलून पाहावी, कारण दोन्ही तारा एकाच वेटोळ्याच्या हव्यात. सेल नाही, प्लग नाही, तरी उजेड! कोयनेच्या जनित्रात घडते ते हेच. गतीतून वीज निर्माण करण्याचे हे तत्त्व मायकेल फॅराडेने १८३१ साली मांडले. हा फॅराडे लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचत वाचत शास्त्रज्ञ झाला.

संगणकाच्या डब्यातला छोटा पंखा १२ व्होल्टच्या ॲडाप्टरवर किंवा बॅटरीवर आरामात चालतो. लेबलवर ०.१५ किंवा ०.२० अँपिअर लिहिलेले असते, म्हणजे जेमतेम दोन वॅट. छतावरच्या जुन्या पंख्याला सुमारे ७५ लागतात. वाऱ्याची तुलना अर्थातच करू नये, पण भारनियमनात पाळण्यापाशी तो पुरतो. जाळी लावून घ्यावी, लहान बोटे आत जातात.

काही वस्तू मात्र खोलायच्याच नाहीत, आणि इथे पालकांनी कडक राहावे. संगणकाला वीज पुरवणारी पत्र्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टपर्यंत वीज धरून ठेवू शकते. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये २० हजार व्होल्टच्या घरात दाब असतो, त्याच्या काचेत शिसे असते आणि नळी फुटली तर तुकडे उडतात. लॅपटॉपची बॅटरी टोचली तर पेट घेते. लेझर प्रिंटरची काळी पूड फुंकू नये. सीडी ड्राइव्हचा किरण डोळ्यांना दिसत नाही पण इजा करतो. ही शिकण्याची नव्हे, जाणत्या कारागिराच्या हाती देण्याची चीज आहे.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे जाळणे. नाल्याच्या काठी वायरींची गुंडाळी पेटवून तांबे काढणारी मुले आम्ही पाहतो तेव्हा जीव तुटतो. वायरीचे पीव्हीसी जळाले की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये धुरात येतात. जुन्या सर्किटच्या डागात कथिलाबरोबर सुमारे ४० टक्के शिसे असते, आणि शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते. चीनमधील ग्वियू येथे असाच धंदा चाले. तेथील मुलांच्या रक्तात शिसे जास्त असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. दिल्लीच्या सीलमपूरचे आणि मुरादाबादचे नावही याच कारणाने वारंवार येते. मुलगा पन्नास-शंभर रुपये घरी आणतो, म्हणून आई गप्प बसते. तिला दोष देऊन काय होणार? तिला दुसरी वाट दाखवली पाहिजे.

ती वाट हिशेबाचीही आहे. जळून काळवंडलेल्या तांब्यापेक्षा सोलून काढलेल्या लख्ख तांब्याला भंगारवाला जास्त भाव देतो. वायर सोलण्याची पक्कड स्वस्तात मिळते. चार घरांनी मिळून एक घेतली तरी भागते. हिरव्या सर्किटच्या पट्ट्या न फोडता, न तापवता वेगळ्या पोत्यात ठेवाव्यात आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्याव्यात. घरात एखादा माऊस खोलणे वेगळे आणि हा धंदा करणे वेगळे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या मालाची दुरुस्ती वा पुनर्वापराचा व्यवसाय करायचा तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. वस्तीतील पाच-सहा तरुण, ज्यांपैकी एखाद्याने आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आहे, त्यांनी एकत्र येऊन या नोंदणीची माहिती काढावी. अर्ज भरायला आमच्यासारखे कारकून आहेतच.