ट्रॅक्टरला सिलिंडर तीन की चार?

नाशिकच्या द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा असेल, तर उभ्या जागी जरा जास्तच थरथरतो. का? इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच जोर लावतो. चार सिलिंडर असले की एकाचा जोर संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. तिघांत मात्र मध्ये क्षणभर कुणीच ढकलत नाही. ती फट जड फ्लायव्हील भरून काढतं, कुंभाराचं चाक हात काढल्यावरही फिरत राहतं तसं. शिवाय तिघांची रांग टोकांकडून डुलते.

तरी बागेसाठी मी तीनच निवडेन. तेवढ्याच सीसीत सिलिंडर मोठे, घासणारे भाग कमी, इंजिन आखूड. त्यामुळे ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर लहान जागेत वळवता येतो. दुरुस्तीला इंजेक्टरही एक कमी.