फ्यूज माणसासाठी नसतो

गणपती बसायच्या आधी अंबाजोगाईतल्या कुठल्याही गल्लीत शिरलं, की रस्त्यावर आडवी ठेवलेली लोखंडी पाइपांची कमान आणि तिला माळा गुंडाळणारी पोरं दिसतात. अशाच एका मंडळाचं लायटिंग करणाऱ्या वायरमनबरोबर मी दुपारभर थांबलो. पोरं त्यांना मामा म्हणतात. मामांनी कमानीला हात लावला नाही. आधी माळांचा ढीग पुढ्यात ओढला.

माळा भाड्याच्या, बरेच सण पाहिलेल्या. "मामा, एलईडीला कुठं शॉक असतो?" एका पोरानं विचारलं. हा समज गावोगाव आहे आणि तो घातक आहे. मोबाइलच्या चार्जरमध्ये दाब उतरवण्याची सोय असते, ती बहुतेक स्वस्त माळांत नसते. बारके दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि सगळी माळ थेट २३० व्होल्टवर चालते. दिवा गव्हाच्या दाण्याएवढा असला, तरी साल निघालेल्या वायरीत घरच्या सॉकेटइतका दाब असू शकतो. कापून लावलेल्या पट्टीच्या लायटिंगचं तेच. टोकाला टोपी नसेल, तर पाऊस तिथूनच आत शिरतो. मामांनी अशी पट्टी बाजूला टाकली, चिकटपट्टीचे जुने जॉइंट कापले आणि नवे जोड पाणी न लागणाऱ्या डबीत घेतले. उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खोचायची सवय त्यांनी तिथल्या तिथं मोडून काढली. दोन पिनांचा टॉप उलटाही बसतो, हेही त्यांनी दाखवलं. तो उलटा बसला की माळेच्या वायरीवरचं बटण न्यूट्रल तोडतं; माळ विझते, पण फेज तिच्यात तशीच राहते. म्हणून माळेला हात लावायचा तो टॉप उपसूनच.

मग आली अर्थिंगची पाळी. पोरांनी कमानीच्या पायाशी एक सळई ठोकून ठेवली होती. मामांनी फेज आणि सळई यांच्यामध्ये शंभर वॉटचा बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला. "झाली की अर्थिंग!" पोरं म्हणाली. मामांनी मान हलवली.

त्या मान हलवण्यामागचं गणित प्रत्येक मंडळाला माहीत हवं. समजा, त्या सळईचा जमिनीशी असलेला रोध ५० ओहम आहे. बल्बला अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज लागते, तेवढी अशा सळईतून सहज जाते. म्हणून तो जवळपास पूर्ण पेटतो. पण उद्या माळेची फेज कमानीला टेकली, तर त्याच सळईतून जेमतेम साडेचार अँपिअर जमिनीत जातील. बोर्डावरचा एमसीबी १६ अँपिअरचा. साडेचार अँपिअरनं तो पडत नाही. माळा पेटलेल्या, आरती चाललेली आणि कमानीच्या पाइपात जवळजवळ २३० व्होल्ट उभे.

त्या पाइपाला भिजलेल्या हातानं, अनवाणी पायानं कुणी टेकलं तर? ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरला, तर शरीरातून २३० मिलिअँपिअर जातात. दहाच्या पुढं हात सुटेनासा होतो आणि शंभराच्या आसपास हृदयाचा ठोका बिघडू शकतो. एमसीबीच्या लेखी मात्र २३० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. फ्यूज आणि एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात. माणसासाठी वेगळा ब्रेकर लागतो: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, हे तो सतत तोलत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. सळई कच्ची असली तरी तो पडतो. मामांनी तो पेटीतून काढून बोर्डात बसवला, त्यावरचं टेस्टचं बटण दाबून खटका पडतो का पाहिलं आणि हे रोज संध्याकाळी करायचं काम एका पोराच्या गळ्यात घातलं.

अंबाजोगाई ज्यात येतं त्या बीड जिल्ह्यात या काळजीला आणखी कारणं आहेत. भाद्रपद म्हणजे ऐन पावसाचे दिवस. गोदाकाठी गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात सळई सहज खोल जाते. वर बालाघाटावर थोड्याच मातीखाली मुरूम आणि खडक लागतो. तिथं कोळसा-मीठ भरलेला, पाणी घातलेला खड्डा लागतो. लाईट गेली की जनरेटर लावतात. चेंजओव्हर स्विच नसेल तर त्याची वीज उलटी डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरते, तिथं वाढून ११ हजार व्होल्टच्या तारेवर चढते, आणि बंद लाईन समजून खांबावर काम करणारा लाईनमन मरू शकतो.

मिरवणुकीत धोका डोक्यावर असतो. २७ एप्रिल २०२२ रोजी तमिळनाडूत तंजावरजवळच्या कलिमेडू गावात सजवलेला रथ उच्चदाबाच्या तारेला लागला आणि ११ माणसं गेली. तिथं ना फ्यूज वाचवतो, ना आरसीसीबी. देखाव्याची उंची आणि मिरवणुकीची वाट आधी मोजणं, वाटेतल्या तारांची महावितरणला कल्पना देणं, हाच उपाय.

महावितरण मंडळांना अधिकृत तात्पुरती जोडणी देतं. आकडा टाकायची गरज उरत नाही. तार तुटली, खांबात शॉक जाणवला, तर १९१२ हा नंबर आहे. वर्गणीचा हिशेब मांडताना पहिल्या ओळीत अधिकृत जोडणी, परवानाधारक वायरमनची मजुरी, अर्थिंग आणि आरसीसीबी लिहावं. आरसीसीबीला डीजेच्या एका रात्रीच्या भाड्याइतकेही पैसे लागत नाहीत. उरलेल्या पैशांतून किती माळा येतात, ते मग बघावं. चार माळा कमी पडल्या तर उत्सवाचं काही बिघडत नाही.