साठीनंतरचं ताट आणि बी-१२

दिवाळीत भेट आलेल्या सुक्या मेव्याच्या डब्यातले अक्रोड आजी-आजोबांसाठी बाजूला काढून ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. अक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणजे मेंदूला चांगला, एवढ्या युक्तिवादावर त्याचा खप चालतो. अक्रोड वाईट नाहीच. पण साठी उलटलेल्या, त्यातही शाकाहारी मराठी माणसाच्या मेंदूला ज्या गोष्टीची वानवा असण्याचा संभव मोठा, ती अक्रोडात औषधालाही सापडत नाही. ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष त्यांनी तपासले. ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. गंमत म्हणजे सगळ्यात वाईट आकडा होता तो खाऊनपिऊन सुखी असलेल्या मध्यमवर्गाचा, ८१ टक्के. पोट भरलेलं आणि मेंदू उपाशी, असा हा प्रकार.

बी-१२ ना वनस्पती तयार करतात, ना प्राणी. ते बनवतात फक्त काही सूक्ष्मजीव. जनावरांच्या शरीरातून ते दूध, अंडी, मासे, मटण यांत उतरतं. मज्जातंतूंवरचं आवरण शाबूत राखायला ते लागतं. ते कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन साठतं, आणि त्याचं वाढलेलं प्रमाण मेंदू आक्रसण्याशी जोडलेलं आढळतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१० साली, विसरभोळेपणा सुरू झालेल्या सत्तरीपुढच्या लोकांना दोन वर्षं बी गटातली जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत दिली. त्यांचा मेंदू आक्रसण्याचा वेग इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. ज्यांचं होमोसिस्टीन मुळात जास्त होतं त्यांना फायदा अधिक झाला. म्हणून सरसकट सगळ्यांनी गोळ्या घ्याव्यात असं मात्र नाही. कमतरता नसलेल्याला त्या गोळ्यांनी स्मरणशक्ती वाढत नाही.

वय वाढतं तशी आणखी एक अडचण येते. अन्नातलं बी-१२ सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं आणि म्हातारपणी अनेकांचं ते कमी होतं. त्यात ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज सकाळी चालू. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन, तेही बी-१२ चं शोषण कमी करतं. मग दात गेले म्हणून जेवण मऊ भात आणि पातळ वरणावर आलेलं, रात्री 'भूक नाही' म्हणून चहात बुडवलेली खारी. घरात दूध येतं, पण ते चहापुरतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. नंतर तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, चिडचिड वाढते, नावं आठवत नाहीत. घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' यातल्या काहींचा विसरभोळेपणा बी-१२ मुळे असतो आणि वेळेत ओळखला तर भरूनही निघतो. अल्झायमरबद्दल असं म्हणता येत नाही, म्हणून हा फरक करणं फार मोलाचं.

ताटात काय हवं, तर मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ पुरतं. पेलाभर दुधातून एक मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं, एका अंड्यातून त्याच्या निम्मं. कोकणातला बांगडा-तारली खाणारा माणूस या बाबतीत श्रीमंत; एवढासा तुकडाही त्याची दिवसाची गरज भागवतो. मोड आलेली कडधान्यं, इडली, आंबोळी यांत भरपूर बी-१२ असतं हा गैरसमज आहे. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत जे असतं, ते बहुतांशी आपल्या शरीराला न वापरता येणारं.

बी-१२ म्हणजे सगळं काही, असंही नाही. पालेभाज्या, कडधान्यं, बेरीवर्गी फळं, मासे यांवर बेतलेला 'माइंड' आहार अमेरिकेत गाजला. २०१५ च्या निरीक्षणात तो काटेकोर पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण निम्म्याहून कमी दिसलं. पण २०२३ साली ६०४ लोकांवर तीन वर्षं रीतसर प्रयोग झाला, तेव्हा साध्या आटोपशीर आहारापेक्षा तो सरस ठरला नाही. फिनलंडमध्ये मात्र आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाबावर लक्ष, हे सगळं एकत्र केल्यावर दोन वर्षांत फरक दिसला. म्हणजे लोणचं-पापड बेतानं, दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत आणि संध्याकाळचा फेरफटका, हे अक्रोडाइतकंच महत्त्वाचं. माझ्या मते जास्तच.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांची रक्ततपासणी पुढच्या वेळी कराल, तेव्हा साखर आणि कोलेस्टेरॉलबरोबर बी-१२ ही तपासून घ्या, विशेषतः ते शाकाहारी असतील किंवा मेटफॉर्मिन घेत असतील तर. आणि त्याआधी कुणी नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका: त्यानं रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते.