सापाखाली काय अंथरायचं?

रिसर्च डिझाइन समजावताना बहुतेक वेळा औषधांच्या चाचण्यांचीच उदाहरणं दिली जातात. आज जरा वेगळं घेऊ. अमेरिकेत आणि युरोपात कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप लोक हौसेने पाळतात. त्याच्या पेटीच्या तळाशी जो थर पसरतात त्याला सबस्ट्रेट म्हणतात, आणि तो कशाचा असावा हा तिथल्या नवशिक्या सर्पपालकाच्या पहिल्या काही प्रश्नांपैकी एक. (हे वाचून एखादी धामण घरी आणावीशी वाटली तर तिथेच थांबा. देशी साप पाळायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ परवानगी देत नाही.)

प्रश्न किरकोळ वाटतो खरा, पण साप चोवीस तास त्या थरावर पोट टेकून असतो आणि त्याच्या नाकपुड्या तिथून जेमतेम बोटभर वर. थर चुकला तर त्रास त्यालाच, आणि तो काही बोलून दाखवणार नाही. सल्ले मात्र छातीठोक मिळतात. सीडरचा भुसा म्हणजे विष. वाळूने आतडं तुंबतं. वर्तमानपत्रावर ठेवणं क्रूरपणा आहे. अशा प्रत्येक दाव्याला आपण तीनच गोष्टी विचारायच्या: कोणत्या प्राण्यावर पाहिलं, कशाशी तुलना केली, आणि नेमकं काय मोजलं?

सीडरची गोष्ट सगळ्यात रंगतदार आहे. १९६७ मध्ये इलियट वेसेल यांचा एक छोटा पेपर 'सायन्स'मध्ये आला. प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि घुशींसारख्या दिसणाऱ्या रॅट्सना रेड सीडर किंवा पाइनच्या भुशावर ठेवलं, तर त्यांच्या यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढत होती. त्यांनाच बीच, बर्च आणि मेपलच्या मिश्र भुशावर हलवलं की ती वाढ ओसरत होती. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दोन प्रयोगशाळांनी तेच औषध, तोच डोस दिला तरी निकाल वेगळे येऊ शकतात, आणि कारण पिंजऱ्यातल्या अंथरुणात दडलेलं असतं. मेथड्समध्ये अंथरुणाचा प्रकार का लिहायचा, असं कुणी विचारलं तर हा पेपर पुढे करा.

पण वेसेल यांच्या प्रयोगात साप नव्हता. उंदराच्या यकृतावरून सापाच्या यकृताबद्दल बोलणं हा अंदाज आहे, तोही एन्झाइमबद्दलचा. साप मरतो की जगतो हे त्यात मोजलेलंच नाही. वेस्टर्न रेड सीडरच्या धुळीमुळे लाकूड गिरण्यांतल्या कामगारांना दमा होतो, हा दुसरा आधार. तोही माणसांचा. मग सीडर वापरायचं का? अजिबात नाही. दुसरे चांगले पर्याय सहज मिळतात, सीडर टाळण्याची किंमत जवळपास शून्य, आणि वापरून चुकलो तर भोगणार साप. पुरावा अप्रत्यक्ष असूनही निर्णय पक्का असू शकतो. या दोन गोष्टींची गल्लत प्रबंधांतही होते.

जाता जाता नावाबद्दल. अमेरिकेतलं रेड सीडर हे खरं सीडर नव्हेच. ईस्टर्न रेड सीडर जुनिपरच्या कुळातलं, वेस्टर्न थुजाच्या. खरं सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार. नुसत्या बाजारी नावावर विसंबून लिटरेचर शोधलं की असे घोळ होतात.

कॉर्न स्नेकसाठी बरेच जण अ‍ॅस्पेन या झाडाच्या रंधलेल्या छिलक्यांची शिफारस करतात, आणि मला ती पटते. हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला, सालीखाली, बिळांत दडून राहणारा. अ‍ॅस्पेनच्या थरात त्याने केलेलं भुयार ढासळत नाही. शिवाय त्या लाकडाला सीडरसारखा उग्र वास नसतो. दोष एकच: ओलं झालं की बुरशी धरतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बॉल पायथनला हवा जास्त दमट लागते, कोरड्या पेटीत त्याची कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. त्याला नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा कोकोपीट बरं. तरीही कुणीतरी सांगतंच, "माझा बॉल पायथन अ‍ॅस्पेनवर मजेत आहे." त्याची खोली मुळातच दमट असेल तर? शिवाय आर्द्रतामापक पेटीच्या झाकणाला चिकटवलेला असेल, तर तो सापाजवळची हवा मोजतच नाही.

वाळूचं प्रकरण थोडक्यात. मेलेल्या सापाच्या आतड्यात वाळू सापडली, एवढ्यावर वाळूला दोषी ठरवता येत नाही. त्या सापाला पाणी पुरेसं होतं का, पेटी थंड होती का, आणि वाळूवर ठेवलेले किती साप ठणठणीत आहेत, हेही कळायला हवं. पण कॉर्न स्नेक वाळवंटातला नाही, त्यामुळे त्याला वाळू द्यायचं मुळात कारणच नाही.

वर्तमानपत्राबद्दल दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. नवा साप आणला की पहिले काही आठवडे कोरा पांढरा कागद उत्तम: त्याची विष्ठा दिसते, अंगावरच्या गोचिडीसारख्या बारीक काळ्या माइट्स दिसतात. भुशात त्या लपून बसतात. पण कायम कागदावरच ठेवला तर? २००६ मध्ये अल्मली आणि बुर्गहार्ट यांनी रॅटस्नेकवर, म्हणजे कॉर्न स्नेकच्या अगदी जवळच्या सापांवर, प्रयोग केला. साध्या पेटीतल्या आणि समृद्ध पेटीतल्या सापांच्या वागण्यात फरक आढळला. इथे प्राणी बरोबर, तुलनाही बरोबर. पण समृद्ध पेटीत एकाच वेळी अनेक गोष्टी बदललेल्या असतात, त्यामुळे फरकाचं श्रेय एकट्या सबस्ट्रेटला देता येत नाही. ते द्यायचं तर बाकी सगळं तसंच ठेवून फक्त तळ बदलावा लागेल. कुणाला एमएस्सीचा विषय हवा असेल तर घ्या!

तोवर घरच्या कॉर्न स्नेकसाठी: आधी कागद, मग सात-आठ सेंटिमीटर अ‍ॅस्पेन. उंदीर ताटलीत ठेवून द्यायचा, म्हणजे छिलके तोंडात जात नाहीत. आणि पाण्याचं भांडं सांडलं तर तेवढा ओला भाग त्याच दिवशी काढून टाकायचा.