लाल कांदा, बटाटा आणि सातवीतली पेशी

इलिनॉयमधल्या मिडल स्कूलच्या मुलाला पेशीचे किती भाग यायला हवेत? पाच. केंद्रक, हरितलवक, तंतुकणिका, पेशीपटल आणि पेशीभित्तिका. विज्ञान शिक्षणाचा 'नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स' हा आराखडा २०१३ मध्ये तयार झाला आणि इलिनॉयने तो २०१४ मध्ये स्वीकारला. सहावी ते आठवीसाठी त्यात एवढ्याच भागांवर भर आहे.

हे ऐकलं की आपल्या मंडळींचा चेहरा पडतो. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात 'पेशी व पेशीअंगके' असा आख्खा धडा आहे. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, रिक्तिका, लवके, सगळं त्यात येतं. 'सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' हा तर आपला हक्काचा प्रश्न. त्यामुळे पॉटलकला मराठी पालक एकत्र आले, की कुणीतरी म्हणतंच, "इथे काही शिकवतच नाहीत हो!" आणि मग मुलांना घरी पंधरा नावं पाठ करायला बसवलं जातं.

मी तिकडे शिकवत होते तेव्हा सुबक आकृत्यांचे गठ्ठे तपासले आहेत. पट्टीने ओढलेल्या रेघा, टोकदार पेन्सिल, एकही नाव चुकलेलं नसायचं. आणि त्याच मुलांना "झाड श्वास घेतं का?" असं विचारलं, की निम्मा वर्ग "नाही" म्हणायचा. इथली मुलंही बरीचशी तसंच म्हणतात. म्हणून मला पाच की पंधरा हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. इथल्या आराखड्याची मागणी खरं तर अवघड आहे. मुलाने पेशीचं प्रारूप तयार करायचं आणि हे भाग मिळून पेशी कशी चालवतात ते त्यावरून समजावून सांगायचं. जेलो, एम अँड एम आणि गमी वर्म वापरून केलेला केक हे त्याचंच लाडावलेलं रूप. केक छान होतो, मुलं तो खातात, आणि गमी वर्मचं काम काय होतं हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

शेजारपाजारची चार-पाच मुलं माझ्याकडे विज्ञान घेऊन येतात. पेशीचा धडा आला की मी एक प्रश्न विचारते: "तंतुकणिका कोणाच्या पेशीत असतात?" बहुतेकांचं उत्तर एकच, "प्राण्यांच्या." हे उत्तर येतं कुठून, ते वर्गातल्या तक्त्याकडे पाहिलं की कळतं. डावीकडे चौकोनी हिरवी वनस्पतीपेशी, उजवीकडे गोल गुलाबी प्राणीपेशी. वनस्पतीकडे हरितलवक, म्हणून प्राण्याकडे तंतुकणिका, अशी मुलं जोडी लावून टाकतात. एकाचं स्वयंपाकघर, दुसऱ्याचा बंब. तक्त्यात दोन्हीकडे तंतुकणिका काढलेल्या असतात, पण डोळा फरक शोधायला शिकवलेला असतो, साम्य निसटून जातं.

त्यात आपण घरून भर घालतो. "रात्री झाडाखाली झोपू नये, झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात" हे आपण लहानपणी ऐकलेलं. त्यातून वाटतं की झाडाला दिवसाची एक पाळी असते आणि रात्रीची दुसरी. प्रत्यक्षात झाडाचं श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याहून बराच जास्त असतो, म्हणून ते दिसत नाही, इतकंच. आणि मुळांचं काय? ती मातीच्या अंधारात असतात, हिरवी नसतात, तरी वाढतात. पानात तयार झालेली साखर त्यांच्यापर्यंत येते, आणि ती वापरून कामाची ऊर्जा काढायला तंतुकणिकाच लागतात.

याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरात आहे. इलिनॉयच्या थंडीत मुगाला मोड आणायचे तर आपण पुरचुंडी ओव्हनमध्ये ठेवून नुसता दिवा लावतो. त्याऐवजी मोड फुटू लागलेले मूग थर्मासमध्ये भरा, तोंडाशी कापूस लावा आणि त्यातून थर्मामीटर आत सोडा. शेजारी दुसऱ्या थर्मासमध्ये उकळून गार केलेले मूग ठेवा. दुसऱ्या दिवशी मोडाच्या मुगाचं तापमान चढलेलं दिसतं. आत अंधार आहे, प्रकाशसंश्लेषणाचा प्रश्नच नाही. मग ही उष्णता कुठली, हे मुलांनी सांगायचं. एका मुलाने थर्मासवर हात ठेवून विचारलं होतं, "मूग वर्कआउट करतायत का?" मला हे उत्तर कुठल्याही व्याख्येपेक्षा आवडलं.

इथे मी मुलांना कमला सोहोनींची गोष्ट सांगते. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आली. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, नकार दिला. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो एक वर्ष काम पाहू मग ठरवू, या अटीवर. तिथून त्या केंब्रिजला गेल्या आणि बटाट्यावर काम करू लागल्या. श्वसनाच्या अखेरच्या टप्प्यात इलेक्ट्रॉन पोचवण्याचं काम करणारं सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही तेच काम करतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता टंकलिखित अवघ्या चाळीस पानांचा. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं.

ज्या प्रश्नाला मुलं आजही "फक्त प्राण्यांच्या" असं उत्तर देतात, त्याच्या अगदी जवळचं काम एका मराठी बाईने दुसऱ्या महायुद्धाआधी बटाटा घेऊन केलं होतं. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? रामन यांचं माहीत असतं.

गोष्टीचा पुढचा भाग तर आपल्या अंगणातला आहे. पेशीतली ही ऊर्जानिर्मिती नेमकी तंतुकणिकांमध्ये होते, हे १९४८ च्या सुमारास युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेहनिंजर यांनी उंदराच्या यकृतातून तंतुकणिका वेगळ्या काढून दाखवलं. कुठे? युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोत. म्हणजे नेपरव्हिलहून गाडीने तासाभरावर. त्याच विद्यापीठात, शाळेच्या वयातच, शिकायला गेलेली शिकागोची मुलगी म्हणजे लिन मार्ग्युलिस. तंतुकणिका आणि हरितलवकं हे पूर्वी स्वतंत्र जीवाणू होते, दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच राहिले, असं सांगणारा तिचा लेख कितीतरी नियतकालिकांनी परत पाठवला. तो १९६७ मध्ये छापून आला. आज तेच शिकवलं जातं, कारण दोघांकडेही स्वतःचा डीएनए आहे, स्वतःचे रायबोसोम आहेत आणि ते स्वतःच विभागून वाढतात. रायबोसोमचंही तसंच. वेंकी रामकृष्णन यांना ज्या कामासाठी २००९ चं नोबेल विभागून मिळालं, त्यातली महत्त्वाची मोजमापं आपल्या ड्युपेज काउंटीतल्या अर्गॉन प्रयोगशाळेच्या क्ष-किरणांवर झाली. आपल्यातले कितीतरी जण रोज तिथून जातात.

आता अडचण अशी की तंतुकणिका शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून धड दिसत नाही. तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. म्हणून सुरुवात जे दिसतं तिथून करावी, आणि त्यासाठी लाल कांद्यासारखी गोष्ट नाही. आपण शाळेत कांद्याचा पांढरा पापुद्रा आयोडीन टाकून पाहिला होता. त्यात मुलं हिरवं काही शोधत बसतात आणि हिरमुसतात, कारण कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. वनस्पतीची प्रत्येक पेशी हिरवी नसते, हा धडा तिथे आपोआप होतो. लाल कांद्याच्या पाकळीवरची जांभळी साल चिमटीने अलगद ओढून काढली, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवली, की रंग द्यावाच लागत नाही. जांभळ्या विटांची भिंत दिसते. घरी सूक्ष्मदर्शक नसेल तर स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी तयार केलेला कागदाचा फोल्डस्कोप चालतो, तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो.

मग काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा (अर्धी वाटी पाण्यात चमचाभर मीठ) आणि दुसऱ्या कडेला पेपर टॉवेल लावून तो आत ओढायचा. काही मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत गोळा होऊ लागतो. वीट तशीच राहते, आतला फुगा आक्रसतो. पेशीभित्तिका आणि पेशीपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं स्वच्छ कुठलाही तक्ता दाखवू शकत नाही. लगेच साधं पाणी सोडलं तर फुगा परत भरतो. मीठ फार वेळ राहिलं तर मात्र नाही.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी का घालायचं, हे त्यानंतर सांगावं लागत नाही. सुकलेली कोथिंबीर पाण्यात ठेवली की ताठ का होते, तेही मुलं स्वतः जुळवतात. प्राण्याच्या पेशीला ही भिंत नसते, तिला नुसत्या पाण्यात टाकलं तर ती फुगून फुटू शकते. रुग्णालयात सलाइन देतात, साधं पाणी नाही, ते याचसाठी.

जांभळा रंग कुठे होता? रिक्तिकेत. या नावावर माझा थोडा राग आहे. रिक्त म्हणजे रिकामी, आणि ही तर पाण्याने, क्षारांनी, रंगाने गच्च भरलेली असते. इंग्रजी नावातही तोच घोळ आहे. दिवाळीच्या आगेमागे मॉर्टन आर्बोरेटमला गेलात तर हीच रिक्तिका मेपलच्या पानात दिसेल. पिवळा रंग लवकांतला. तो उन्हाळाभर तिथेच होता, हरितद्रव्य मोडल्यावर उघडा पडला. लाल रंग मात्र शरदात नव्याने तयार होऊन रिक्तिकेत साठतो, तो कांद्याच्या रंगाच्याच कुळातला आहे.

नावांचा विषय निघालाच आहे तर 'पेशी'बद्दलही. हिंदीत पेशीला कोशिका म्हणतात आणि मांसपेशी म्हणजे स्नायू. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या पाचशे पेशी मोजल्या आहेत, त्या स्नायूच. मराठीने तो शब्द उचलून दुसऱ्याच कामाला लावला. वर्गात हिंदी बोलणारी मैत्रीण असेल तर हा गोंधळ मुलींना फार रंजक वाटतो. इंग्रजी शब्दाचा अर्थ लहानशी खोली. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा काप पाहिला, त्यात जिवंत काहीच नव्हतं, नुसत्या भिंती. माणसं सोडून गेलेला वाडा पाहावा तसं. त्या रिकाम्या वाड्याचं नाव आजही जिवंत पेशीला चिकटलेलं आहे.

सगळ्यात कमी लक्ष मिळतं ते पेशीपटलाला. मुलांना ती नुसती पिशवी वाटते. पण आपल्या घरांत, विशेषतः सहा महिन्यांसाठी आजी-आजोबा येतात तेव्हा, सकाळी बोटाला सुई टोचून साखर बघणारं कुणीतरी असतंच. मी मुलांना तिथून सुरुवात करायला सांगते. इन्सुलिन पेशीच्या पटलावर येऊन बसतं, तो निरोप आत जातो, मग स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत साखर आत घेणारी दारं पटलावर येतात. टाइप २ मधुमेहात निरोप येतो, पण पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. साखर रक्तातच राहते, पेशी बाहेर उपाशी. आजोबा जेवल्यावर चालायला का जातात? कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही ही दारं उघडतो. हे कळल्यावर एक सातवीतला मुलगा रोज संध्याकाळी आजोबांबरोबर रिव्हरवॉकवर जाऊ लागला. त्याचं पेशीचं प्रारूपही वेगळं झालं. केक नाही, खोक्याला सरकती दारं लावलेली आणि प्रत्येक दारावर 'आजोबा' अशी चिठ्ठी. त्यात गॉल्गी संकुल नव्हतं, आणि त्याच्या आईला ते जरा खटकलं.

मार्ग्युलिसची गोष्ट झाल्यावर शेवटी मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगते. आपल्या तंतुकणिका आपल्याला आईकडून मिळतात. तिला तिच्या आईकडून, तिला पणजीकडून. बाबांच्या पुढे जात नाहीत. यावर मागच्या महिन्यात एका मुलीने बराच विचार केला, घरी जाऊन सांगलीला फोन लावला आणि आईच्या आईला विचारलं, "आजी, तुझी आई खूप चालायची का गं?"