यंत्राची माया

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना विरंगुळा मिळावा म्हणून जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी सीलच्या पिलासारखे ‘पारो’ हे यंत्र घडविले. कुरवाळताच ते मान हलविते, हुंकार देते. 2017 साली ऑस्ट्रेलियातील 28 शुश्रूषागृहांतल्या 415 वृद्धांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या शुश्रूषेच्या तुलनेत पारोमुळे वृद्धांचा आनंद वाढला, अस्वस्थता घटली. परंतु यंत्रणा बंद ठेवलेल्या पारोपेक्षा चालू पारो सरस ठरला तो केवळ त्यांना गुंतवून ठेवण्यात. म्हणजे बराचसा दिलासा कुरवाळण्यातच असावा. अशा यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या भरवशावर परिचारिका कमी करणे, ही विस्मरणात हरवलेल्यांची, तक्रारही करू न शकणाऱ्यांची फसवणूकच होय.