मंडळाची सरासरी, बांधाआतलं नुकसान

महाराष्ट्रात पीक विम्याचं भांडण हप्त्यावरून होतं. 2023च्या खरिपात सरकारने एक रुपयात विमा दिला आणि अर्ज 1 कोटी 70 लाखांच्या घरात गेले. मग दुसऱ्याच्या, सरकारच्या, अगदी पडीक जमिनीवर काढलेले विमे सापडले आणि 2025च्या खरिपापासून रुपया गेला. आता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना 5 टक्के. माझ्या मते गोम हप्त्यात नाही, भरपाई ठरवणाऱ्या सरासरीत आहे.

ही सरासरीची कल्पना पुण्याची. सत्तरच्या दशकात गुजरातेत कापसासाठी शेतकरीनिहाय विम्याचा प्रयोग झाला आणि तोट्यात गेला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी 1976मध्ये वेगळी वाट मांडली: प्रत्येकाचं शेत मोजू नका, परिसराचं उत्पादन मोजा. खर्च वाचतो, शिवाय मुद्दाम पीक बुडवून कुणाला फायदा होत नाही, कारण एका शेताने सरासरी हलत नाही. 1979चा पथदर्शी प्रयोग, 1985ची योजना आणि 2016ची पंतप्रधान पीक विमा योजना, सगळ्या याच पायावर उभ्या आहेत.

हिशेब करून पाहू. समजा, महसूल मंडळात मागच्या सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सोयाबीनची सरासरी हेक्टरी 15 क्विंटल आहे. 70 टक्के जोखीमस्तराने उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याखाली गेल्यावरच भरपाई मिळते ती पातळी, साडेदहा. यंदाच्या पीक कापणी प्रयोगांत सरासरी 8.4 आली, म्हणजे तूट 20 टक्के. विमा 50 हजारांचा असेल तर हेक्टरी 10 हजार मिळतील. ओढ्याकाठी ज्याचं सगळं वाहून गेलं त्यालाही 10 हजार, माळावर ज्याचं साधलं त्यालाही तेवढेच. आणि सरासरी साडेदहावर राहिली, तर ओढ्याकाठच्याला छदामही नाही. दोनच वाईट वर्षं वगळता येतात; तिसरं आलं की उंबरठाही खाली घसरतो. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको.

ही उणीव भरायला स्थानिक आपत्तीची खिडकी ठेवली होती: 72 तासांत कळवा, पंचनामा होईल. 2020च्या परतीच्या पावसानंतर उस्मानाबादच्या सोयाबीन उत्पादकांना ही मुदतच आडवी आली. ते उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि 2022मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण 2025मध्ये राज्याने खिडकीच बंद केली. भरपाई फक्त कापणी प्रयोगांवर. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी पिकांबरोबर जमिनीही खरवडून नेल्या.

नोव्हेंबर 2025मध्ये केंद्राने रानडुकरांसारख्या वन्यप्राण्यांनी केलेली नासाडी खरीप 2026पासून विम्यात घेतली. डुकरांचा कळप एक शेत साफ करतो, मंडळाच्या सरासरीत ते दिसतही नाही. म्हणजे इथे शेतनिहाय पाहणीला पर्याय नाही. मात्र हे संरक्षण ऐच्छिक आहे. कोणते प्राणी आणि कुठले जिल्हे किंवा विमा क्षेत्रं, हे राज्यांनी ठरवायचं आहे.